नवीन जोडलेला पीसी इन्स्टॉलेशनसाठी बूटच होत नाहीये? आधी तो कुठे अडकलाय ते बघा

पीसी जोडून झाला, विंडोज टाकायला पेनड्राइव्ह लावला आणि पुढे काहीच होत नाहीये, असं म्हणणारे दहा जण भेटले तर त्या दहा जणांचे प्रॉब्लेम दहा प्रकारचे निघतात. कुणाचा पंखाच फिरत नाही, कुणाचा फिरतो पण स्क्रीन काळी, कुणाला बायोस (मदरबोर्डमधला, पीसी चालू होताच आधी चालणारा सेटिंगचा प्रोग्रॅम) दिसतं पण त्यात पेनड्राइव्ह नाही, कुणाचा इन्स्टॉलर मस्त चालू होतो पण त्यात एसएसडी गायब. सांगताना मात्र सगळे एकच सांगतात, "पीसी बूट होत नाही", आणि मग सल्लेही तसेच ठोक भावात मिळतात, रॅम काढून लाव, बायोस रिसेट कर, पॉवर सप्लाय बदलून बघ. यातलं काही ना काही कधीतरी लागू पडतंच, पण तोपर्यंत निम्मा पीसी उघडून टेबलावर पसरलेला असतो आणि मूळ काय बिघडलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी पीसी कुठपर्यंत पोचतोय ते ठरवा. वीज येते का, बोर्ड म्हणजे मदरबोर्ड स्वतःची तपासणी म्हणजे पोस्ट पूर्ण करतो का, बायोसची स्क्रीन येते का, बायोसला पेनड्राइव्ह दिसतो का, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर चालू होतो का, इन्स्टॉलरला डिस्क दिसते का. ज्या पायरीपर्यंत तो पोचतोय तिच्या आधीचं सगळं सध्या ठीक आहे असं धरा आणि फक्त पुढचं तपासा. बायोस दिसत असेल तर पॉवर सप्लायवर संशय घेत बसायची सहसा गरज नसते, आणि स्क्रीनच काळी असेल तर पेनड्राइव्ह पाच वेळा नव्याने बनवून काही उपयोग नाही. अजून एक, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर चालू करून बघा, नाहीतर नीट चालू झाला तरी कशामुळे झाला ते कळणार नाही.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही

हा भाग लवकर उरकतो. पॉवर सप्लायच्या मागचं स्विच चालू आहे का बघा, हसू नका, हे खूप वेळा निघतं. बोर्डवरचा २४ पिनचा मोठा कनेक्टर पूर्ण आत गेलाय का बघा, तो बराच जोर लावून बसतो आणि बसला की त्याचं क्लिप अडकल्याचं कळतं. त्यानंतर कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर. बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात पिनांचा एक छोटा गठ्ठा असतो, त्यातल्या नेमक्या दोन पिना पॉवर स्विचच्या असतात आणि त्या कुठल्या हे मॅन्युअलमध्येच बघायचं, अंदाजाने लावायचं नाही. स्विचच्या वायरला उलट-सुलट असा प्रकार नसतो, एलईडीच्या वायरला असतो, पण एलईडी उलटा लागला तर फक्त दिवा लागत नाही, पीसी चालू व्हायचं थांबत नाही.

बटणावर संशय असेल तर त्या दोन पिनांवरची वायर काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिनांना एकदाच, क्षणभर स्पर्श करा. पीसी चालू झाला तर बटण किंवा त्याची वायर खराब, बाकी सगळं बरं आहे.

पंखे एक सेकंद फिरून लगेच बंद होत असतील तर मात्र सावध व्हा, हे बऱ्याचदा शॉर्टचं लक्षण असतं. बोर्डखाली कॅबिनेटमध्ये पितळेचे छोटे खांब असतात, स्टँडऑफ, त्यातला एखादा चुकीच्या जागी राहिला आणि तिथे बोर्डला भोकच नसेल तर तो मागच्या बाजूने सर्किटला टेकतो. एखादा सुटा स्क्रू बोर्डमागे पडलेला असला तरी तेच होतं. अशा वेळी बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा, प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि पॉवर एवढंच लावायचं आणि चालू करून बघायचं. बाहेर चालला आणि कॅबिनेटमध्ये नाही चालला, तर दोष कॅबिनेटमध्ये बसवण्यात आहे.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, मॉड्युलर म्हणजे सुट्या केबलचा पॉवर सप्लाय असेल तर जुन्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायच्या केबल त्याला लावू नका. टोक बरोबर बसतं पण पॉवर सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि मग हार्ड डिस्क किंवा एसएसडी चालू होण्याऐवजी जळते.

पंखे फिरतात, लाइट लागतात, स्क्रीन काळी

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते, म्हणून आधी एक उलटी गोष्ट सांगतो, काही करू नका, थांबा. डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमचा बोर्ड पहिल्यांदा चालू होतो तेव्हा तो रॅमशी जुळवून घेतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) बोर्डवर याला काही मिनिटं लागू शकतात, रॅम जास्त असेल किंवा चारही स्लॉट भरलेले असतील तर अजून जास्त. तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते, रॅमचा दिवा लागलेला असतो, मधे पीसी स्वतःहून एक-दोनदा बंद-चालू पण होऊ शकतो. लोक एका मिनिटात घाबरून बटण दाबून बंद करतात, मग ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू, परत बंद, परत सुरू. चालू करा आणि पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघू पण नका.

तेवढं थांबूनही काही नाही आलं तर मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच लावायची, बोर्डच्या मागच्या एचडीएमआयला नाही. आणि कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का हे तपासा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतं त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत ज्यांच्या शेवटी जी आहे त्यांच्यातच असतं, बाकीच्यांत नाही. रायझन ७००० डेस्कटॉपमध्ये साधं ग्राफिक्स असतं, पण तिथेही ७५००एफ सारखा एफवाला असेल तर नाही. म्हणजे प्रोसेसर एफवाला आणि कार्ड अजून यायचंय अशी स्थिती असेल तर तुमचा पीसी कदाचित अगदी उत्तम चालू आहे, फक्त तो तुम्हाला दिसू शकत नाही. मॉनिटरचा इनपुट पण हाताने निवडून बघा, आणि डिस्प्लेपोर्टवर काही येत नसेल तर एकदा एचडीएमआय लावून बघा.

आता बोर्डवरचे दिवे. बऱ्याच बोर्डांवर २४ पिनच्या कनेक्टरजवळ चार बारीक दिवे ओळीत असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं बाजूला छापलेली असतात. चालू केल्यावर ते एकेक करून लागून विझतात आणि जो लागून राहतो तिथे गाडी अडलीय. दिवे नसलेला स्वस्तातला बोर्ड असेल तर छोटा स्पीकर लावून बीप मोजता येतात, बीपचा अर्थ मॅन्युअलमध्ये असतो.

इथे एक गंमत सांगतो, बूटचा दिवा लागून राहिला म्हणून कितीतरी लोक घाबरतात. अहो, नवीन पीसीत एसएसडी कोरी आहे, तिच्यावर काहीच नाही, मग बोर्ड म्हणणारच की बूट करायला काही सापडलं नाही. बूटचा दिवा म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स तिन्ही पास झालेत. तुम्ही खालच्या पेनड्राइव्हच्या भागावर जा.

डीरॅमचा दिवा असेल तर रॅम काढून परत बसवा, दोन्ही टोकांना दाबून, टक असा आवाज येईपर्यंत. नव्या बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट राहिलेली कळत नाही. दोन रॅम असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, एकच असेल तर सहसा दुसऱ्यात, बोर्डवर हे ए२ आणि बी२ असं लिहिलेलं असतं. तरी नाही झालं तर एकच रॅम ठेवून बघा, मग तिच्या जागी दुसरी. दोन्ही रॅम एका बाजूच्या स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्या बाजूच्या स्लॉटमध्ये कुठलीच चालत नाही असं दिसलं तर रॅमला दोष देऊ नका, तो प्रोसेसरच्या सॉकेटचा मामला असू शकतो, एखादी पिन वाकलेली किंवा कूलर एका बाजूने फार आवळलेला.

सीपीयूचा दिवा असेल तर तीन गोष्टी बघायच्या. पहिली, बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनचा कनेक्टर. हा प्रोसेसरचा वेगळा पॉवर आहे आणि तो राहिला तर पंखे, लाइट सगळं चालू होतं पण प्रोसेसर मेल्यासारखा. केबलच्या टोकावर सीपीयू असं लिहिलेलं असतं आणि ती ४ अधिक ४ अशी दुभागते, ग्राफिक्स कार्डची केबल ६ अधिक २ अशी दुभागते, दोन्ही लांबून सारख्या दिसतात पण एकीच्या जागी दुसरी घुसवायची नाही. दुसरी, पिना, त्या बघायला कूलर आणि प्रोसेसर काढावा लागतो. इंटेलमध्ये आणि एएम५ मध्ये पिना बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, एएम४ मध्ये प्रोसेसरला असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, वाकलेली पिन वेगळी चमकते. आणि कूलर काढलाच आहे तर त्याच्या तळाची प्लास्टिकची पारदर्शक पट्टी काढली होती ना तेही बघून घ्या, आणि परत बसवताना जुनी पेस्ट पुसून नवी लावा.

तिसरी गोष्ट म्हणजे बायोसचं व्हर्जन, आणि ही जरा नीट समजून घेण्यासारखी आहे. बोर्ड आणि प्रोसेसरचं सॉकेट एकच असलं म्हणजे ते एकमेकांना ओळखतात असं नाही. बी४५० बोर्डवर रायझन ५०००, बी६६० किंवा झेड६९० बोर्डवर इंटेलची १३वी पिढी, बी६५० बोर्डवर रायझन ९०००, या सगळ्या जोड्या चालतात पण बोर्डमधलं बायोस तेवढं नवीन असेल तरच. बोर्ड बरेच दिवस गोडाऊनमध्ये पडून असेल तर त्यातलं बायोस त्या प्रोसेसरच्या जन्माआधीचं असू शकतं. कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डच्या पानावर सीपीयू सपोर्टची यादी असते, तिथे तुमच्या प्रोसेसरपुढे किमान कुठलं बायोस लागतं ते लिहिलेलं असतं.

यावरचा उपाय म्हणजे बायोस फ्लॅशबॅक, बोर्डला ती सोय असेल तर. मागे यूएसबीच्या जवळ एक छोटं बटण असतं आणि एका ठराविक यूएसबी पोर्टवर खूण असते. फॅट३२ फॉरमॅटचा पेनड्राइव्ह घ्यायचा, बायोसची फाइल झिपमधून बाहेर काढून त्याच्यावर टाकायची आणि बोर्डला हवं तेच नाव द्यायचं, एमएसआयला एमएसआय डॉट रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट डॉट बिन, एसुसच्या डाउनलोडमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्रॅम सोबतच येतो. मग पीसी बंद ठेवून, २४ पिन आणि ८ पिन पॉवर लावून, त्या खुणेच्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह घालून बटण काही सेकंद दाबून धरायचं. दिवा लुकलुकायला लागला की काम चालू झालं, ते थांबेपर्यंत वीज घालवायची नाही. बटण दाबल्यावर दिवा दोन-चारदाच चमकून थांबला तर फाइलचं नाव किंवा पेनड्राइव्हचा फॉरमॅट चुकलाय. फ्लॅशबॅक नसेल तर त्या बोर्डवर आधीपासून चालणारा जुना प्रोसेसर कुणाकडून तरी तात्पुरता आणणे किंवा दुकानदाराकडून बायोस अपडेट करून घेणे हेच मार्ग.

व्हीजीएचा दिवा असेल तर कार्ड काढून परत बसवा, कार्डची पॉवर केबल लावलीय का बघा. कार्ड उभं बसवण्याची रायझर केबल वापरली असेल तर ती काढून कार्ड थेट बोर्डवर लावून बघा, जुन्या, कमी वेगाच्या जेन३ पिढीची रायझर जेन४ कार्डला लावली की हा त्रास ठरलेला, बायोसमध्ये तो स्लॉट जेन३ वर ठेवला की सुटतो. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड पूर्ण काढून आधी त्याच्यावर इन्स्टॉलेशन उरका.

कुठलाच दिवा नाही, काहीच सुचत नाही, तर सीमॉस क्लिअर, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीला आणणे. पॉवर सप्लायचं स्विच बंद, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडायच्या, किंवा नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत लावायची.

बायोस दिसलं, पण पेनड्राइव्हवरून चालू होत नाही

बायोस दिसलं म्हणजे हार्डवेअरची मोठी भीती संपली. इथून पुढे बहुतेक सगळं पेनड्राइव्ह आणि सेटिंगचं आहे. तुम्हाला "बूट डिव्हाइस सापडलं नाही" असा काळ्या स्क्रीनवर मेसेज येत असेल किंवा पीसी दर वेळी थेट बायोसमध्येच जात असेल, तर तोही याच भागात.

सगळ्यात आधी, तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या एखाद्या चालू लॅपटॉपला लावून बूट करून बघा. इन्स्टॉलरची पहिली स्क्रीन आली की बंद करा, पुढे जाऊ नका, नाहीतर त्या लॅपटॉपवरच विंडोज टाकून बसाल. या दोन मिनिटांच्या चाचणीने अर्धा गोंधळ मिटतो, तिथेही चालला नाही तर पेनड्राइव्ह नीट बनलेला नाही, तिथे चालला तर तुमच्या बोर्डची सेटिंग. फक्त एवढं बघा की लॅपटॉपही यूएफआयवाला, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसचा, असावा, फार जुना असेल तर त्याच्या उत्तराला अर्थ नाही. आणि लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर त्याच्या बायोसची सेटिंग बदलू नका, फक्त बूट मेनू (कशावरून चालू व्हायचं ते निवडायची यादी) वापरा.

पेनड्राइव्ह बनवताना होणारी नेहमीची गडबड म्हणजे आयएसओ, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉलेशनची एकत्र फाइल, नुसती कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकणे. फाइल तिथे दिसते पण बोर्डला त्याचा काही उपयोग नाही. बोर्ड पेनड्राइव्हवर ईएफआय नावाचा फोल्डर शोधतो, त्यात बूट नावाचा फोल्डर, आणि त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल. तुमच्या पेनड्राइव्हवर हे सापडत नसेल आणि तुम्ही व्हेंटॉयसारखं, नुसती आयएसओ कॉपी करून चालणारं टूल वापरलेलं नसेल, तर तो बूट होणार नाही, विषय संपला.

विंडोजसाठी सरळ रस्ता म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्याच्यावरचं सगळं पुसलं जातं. आयएसओ आधीच असेल तर रूफस हे टूल वापरा आणि त्यात पार्टिशन स्कीम (डिस्कचे भाग मांडायची पद्धत) जीपीटी, टार्गेट यूएफआय हे ठेवा. एमबीआर (जुनी मांडणी) आणि बायोस असं निवडून बनवलेला पेनड्राइव्ह नव्या बोर्डवर बऱ्याचदा यादीतच येत नाही, कारण त्याला सीएसएम नावाची जुनी पद्धत चालू असावी लागते. विंडोजच्या आयएसओला एचरसारखं टूल वापरू नका, ते लिनक्ससाठी छान आहे, विंडोजसाठी नाही. आणि हाताने बनवायला जाल तर अजून एक अडचण आहे, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विंडोजची इन्स्टॉल डॉट विम फाइल आता बहुतेक वेळा त्याहून मोठी असते. कॉपी मधेच थांबते, लोकांच्या लक्षात येत नाही, आणि इन्स्टॉलर अर्ध्यात फाइल नाही म्हणून रडतो.

पेनड्राइव्ह बरोबर आहे हे ठरलं की तो मागच्या बाजूच्या, थेट बोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. पुढचे पोर्ट नको, त्यांची केबल आत लावलीय की नाही इथपासून शंका, यूएसबी हब तर नकोच. यूएसबी २.० पोर्ट असेल तर त्यात लावून बघा. कीबोर्ड वायरचा ठेवा.

आता बूट मेनू. चालू केल्याबरोबर एसुसच्या बोर्डला एफ८, एमएसआय आणि एएसरॉकला एफ११, गिगाबाइटला एफ१२ हे बटण टकटक दाबत राहायचं, बायोसमध्ये जायला बहुतेक सगळ्यांना डिलीट. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नावापुढे यूएफआय लिहून आणि एकदा नुसता. यूएफआयवालाच निवडा. हे नीट बघा कारण दुसरा निवडला तरी इन्स्टॉलर कधीकधी चालू होतो आणि मग पुढे डिस्क निवडताना "ही डिस्क जीपीटी आहे, इथे टाकता येणार नाही" असं म्हणून अडवतो.

पेनड्राइव्ह निवडल्यावर "कुठलंही बटण दाबा" अशी एक ओळ काही सेकंद येऊन जाते, ती चुकली की पीसी परत बायोसमध्ये. लोक म्हणतात पेनड्राइव्ह चालत नाही, तो चालतोय, तुम्ही बटण दाबलं नाहीत.

यादीत पेनड्राइव्हच नसेल तर बायोसमध्ये फास्ट बूट बंद करा, तो चालू असला की काही बोर्ड यूएसबी नीट तपासतच नाहीत. सीएसएम बंद ठेवा, विंडोज ११ साठी ते बंदच हवं. अपवाद एकच, फार जुनं ग्राफिक्स कार्ड लावलं असेल ज्याला यूएफआय कळत नाही, तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनच जाईल, मग सीमॉस क्लिअर करून परत यायचं.

सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेलं सॉफ्टवेअरच बूट होऊ देणारं सेटिंग, याचा त्रास व्हेंटॉय आणि काही लिनक्सवाल्यांना होतो, "सिक्युरिटी व्हायोलेशन" असा मेसेज येतो. तात्पुरतं बंद करा, इन्स्टॉल झाल्यावर परत चालू करा. आणि "हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही" असा मेसेज आला तर पीसी कमजोर आहे असं नाही, नव्या पीसीत बहुतेक वेळा याचं कारण टीपीएम (सुरक्षेची सोय) बंद असणं हे असतं. एएमडीच्या बोर्डवर ते एफटीपीएम नावाने, इंटेलवर पीटीटी नावाने सापडेल. विंडोज १० टाकून यातून पळवाट काढायचा विचार असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, नव्या पीसीवर ते टाकण्यात आता मजा नाही.

इन्स्टॉलर चालू झाला पण डिस्कची यादी रिकामी

परत बायोसमध्ये जाऊन बघा तिथे एसएसडी दिसते का. तिथेही नसेल तर ती नीट बसलेली नाही किंवा चुकीच्या स्लॉटमध्ये आहे. एम.२ एसएसडी, म्हणजे थेट बोर्डवर बसणारी पट्टी, तिरकी घालून पूर्ण आत ढकलायची आणि मग खाली दाबून स्क्रू लावायचा, सोनेरी पट्ट्या बाहेर दिसत असतील तर आत गेलेली नाही. एम.२ आकारात साटावाली (जुनी, हळू) आणि एनव्हीएमईवाली (नवी, वेगवान) अशा दोन जाती असतात आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेतोच असं नाही. इंटेलच्या ५०० मालिकेच्या बोर्डवर १०व्या पिढीचा प्रोसेसर लावला तर सगळ्यात वरचा एम.२ स्लॉट चालतच नाही, खालच्यात लावावी लागते. साटा डिस्क दिसत नसेल तर मॅन्युअल बघा, काही बोर्डवर एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात.

बायोसमध्ये दिसते पण इन्स्टॉलरमध्ये नाही, आणि प्रोसेसर इंटेलचा ११व्या पिढीचा किंवा नंतरचा, तर पहिला संशय व्हीएमडी या डिस्क हाताळणाऱ्या इंटेलच्या सेटिंगवर घ्या. बायोसमध्ये व्हीएमडी चालू असेल तर विंडोजला इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर दिल्याशिवाय डिस्क दिसत नाही. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एक करणं वगैरे करायचं नसेल तर ते सरळ बंद करा. मात्र हे आत्ताच ठरवा, विंडोज टाकल्यावर ते सेटिंग बदललं की निळी स्क्रीन येते. बंद करायचं नसेल तर बोर्डच्या साइटवरून ड्रायव्हर घेऊन, उघडून, पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये टाका आणि त्या यादीखालच्या लोड ड्रायव्हरमधून द्या.

"मीडिया ड्रायव्हर नाही" असा मेसेज आला तर लोक ड्रायव्हर शोधत फिरतात, पण खूपदा कारण पेनड्राइव्ह किंवा पोर्टच असतं. पोर्ट बदला, नाहीतर पेनड्राइव्ह परत बनवा.

कोरी एसएसडी "अनअलोकेटेड" दिसते, तिला फॉरमॅट वगैरे काही करायचं नाही, निवडा आणि नेक्स्ट दाबा. जुनी डिस्क लावली असेल आणि ती एमबीआर आहे म्हणून अडत असेल तर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडा, डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि नंबर, मग क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी, या कमांड इंग्रजीत टाइप करायच्या. क्लीन विचारत नाही, खात्री करत नाही, एंटर दाबलं की त्या डिस्कवरचं गेलं. म्हणून मी तर सांगीन की ज्या डिस्कवर विंडोज टाकायचंय तेवढीच लावलेली ठेवा, बाकी सगळ्या काढून ठेवा. याने चुकीची डिस्क पुसली जात नाही, आणि विंडोजची बूट फाइल भलत्याच डिस्कवर जाऊन बसत नाही, जे पुढे ती डिस्क काढल्यावर कळतं. "नवीन पार्टिशन बनवता आलं नाही" हा मेसेजही बऱ्याचदा बाकीच्या डिस्क काढल्या की जातो.

अर्ध्यात मरतो, किंवा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो

फाइल कॉपी झाल्या, पीसी रिस्टार्ट झाला आणि परत भाषा निवडायची तीच पहिली स्क्रीन आली, तर काही बिघडलेलं नाही, तो परत पेनड्राइव्हवरून बूट झालाय. पहिल्या रिस्टार्टच्या वेळी पेनड्राइव्ह काढा, किंवा बूट मेनूत विंडोज बूट मॅनेजर निवडा.

कॉपी होताना ०x८००७०२५डी सारखा एरर, दर वेळी वेगळ्या टक्क्यावर अडकणं, मधेच निळी स्क्रीन, यात पहिला संशय पेनड्राइव्हवर आणि दुसरा रॅमवर. पेनड्राइव्ह बदलून, आयएसओ नव्याने उतरवून बघा. तेच झालं तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग) चालू केलंय का बघा. नवीन पीसी आहे, रॅमवर ६००० लिहिलंय, मग ते लगेच चालू करायचा मोह होतो, पण तो कारखान्याच्या साध्या वेगापेक्षा वर नेलेला वेग आहे. ते बंद करून इन्स्टॉल करा. तरी रडला तर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून पूर्ण चालू द्या, एक जरी एरर आला तरी ती रॅम परत करण्यालायक आहे, एकच तर आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

लिनक्स टाकणाऱ्यांना एनव्हिडियाच्या कार्डवर इन्स्टॉलर निवडल्यावर स्क्रीन काळी होण्याचा अनुभव येतो. ग्रब म्हणजे लिनक्सच्या बूट मेनूत ई दाबून, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द इंग्रजीत टाकून एफ१० दाबा, किंवा मेनूत सेफ ग्राफिक्स असेल तर ते घ्या.

विंडोज टाकून झालं आणि शेवटी इंटरनेटला जोडा म्हणून अडून बसलं, तर नव्या बोर्डवरच्या वायफाय किंवा लॅनचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नाहीये. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, ते बहुतेक वेळा विनाड्रायव्हर चालतं. मग डेस्कटॉप आल्यावर बोर्डच्या साइटवरून चिपसेट आणि लॅनचे ड्रायव्हर टाका, आणि सगळं एक-दोन दिवस नीट चाललं की मगच एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा. ते चालू केल्यावर परत स्क्रीन काळी झाली तर आधी डीडीआर५ला ट्रेनिंगचा वेळ द्या, बरेच बोर्ड दोन-तीन वेळा अडखळून स्वतःच जुन्या सेटिंगवर येतात, नाहीच आला तर सीमॉस क्लिअर करा.